एक जोड कमी

माणिकप्पा अडत्यानं चर्चच्या आतल्या भिंतीला दोरी लावली, तेव्हा मी व्यासपीठामागच्या कपाटातून हजेरीच्या वह्या काढत होते. दोरीला हातहातभर अंतरावर गाठी होत्या. एक टोक त्याच्या गड्यानं दाराच्या चौकटीशी धरलं होतं आणि दुसरं टोक घेऊन माणिकप्पा भिंतीच्या कडेनं, तट्ट्यांवर पाय न देता, माझ्याकडं येत होता. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, पाय अनवाणी. वहाणा त्यानं बाहेर काढल्या होत्या. ज्या जागेत ज्वारीची पोती रचायची त्या जागेत वहाणा काढून शिरणारा माणूस मला त्या क्षणी समजला नाही, आणि न समजलेल्या गोष्टीचा मला फार लवकर राग येतो. "मास्तरांची लेक ना तुमी? पुण्याला शिकलेली?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. "मोजून ठिवतोय नुस्तं. मिशनच्या साहेबाचा निरोप हाय, दिवाळीनंतर जागा मोकळी व्हईल म्हणून. राग मानू नका बाई. आमच्या मठात बी तेच हाय की. म्हातारी तेवढी येत्यात. पोरं येत न्हाईत." मग त्यानं वर कौलांकडं पाहिलं आणि म्हणाला, "चारशे पोती बसत्याल." लांबी, रुंदी, उंची, पोत्याचं आकारमान, माणसाला हलायला जागा. माझ्या डोक्यानं न सांगता गणित केलं. चारशेच्या आसपासच येत होतं. त्याचं बरोबर होतं, याचाही मला राग आला.

खरं तर मला राग येण्याचं कारण नव्हतं. त्या चर्चशी माझं देणंघेणं पाच वर्षांपूर्वी संपलं होतं. पुण्याला कॉलेजात गेले त्या वर्षी पहिले तीन रविवार मी तिथल्या मोठ्या दगडी चर्चमध्ये गेले. चौथ्या रविवारी झोपून राहिले, आणि काहीच घडलं नाही. देव कोपला नाही, मला वाईट वाटलं नाही, कुणी विचारलं नाही. एखादा प्रयोग करून उत्तर शून्य यावं तसं झालं. शून्य हेही उत्तर असतं, असं आमचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणत. वसतिगृहातल्या एका मुलीनं मात्र एकदा केस विंचरता विंचरता विचारलं होतं, "तुम्ही बाटलेल्या ना गं? मग तू चर्चला का जात नाहीस?" जणू बाटल्यावर निदान तेवढं तरी नीट करावं. मी तिला म्हटलं, मी आता कशातच नाही. ती हसली आणि म्हणाली, तसं कसं, माणूस कशात तरी असतोच. हे वाक्य मला पुढं रविवारी सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या पुष्कळदा आठवलं. थोरला भाऊ हैदराबादला एका कचेरीत लागला, त्यानंही जाणं सोडलं. त्याचं कारण त्यानं पत्रात लिहिलं होतं: आजोबांनी पोटासाठी धर्म घेतला असं लोक म्हणतात, मला ते ऐकायचं नाही. त्यापेक्षा मला माझं कारण बरं वाटत होतं. माझ्याकडं कारणच नव्हतं.

बी.एस्सी. होऊन मी एकोणीसशे सेहेचाळीसच्या मे महिन्यात येडशी स्टेशनावर उतरले आणि टांग्यानं धाराशिवला आले, ती शाळेतल्या नोकरीच्या हुकमाची वाट पाहत. मिशनच्या कंपाउंडात आमचं घर चर्चच्या दारापासून अठ्ठावीस पावलांवर होतं. वडील, बलभीम मास्तर, कंपाउंडातल्या शाळेत शिकवत आणि पाळक नसेल त्या रविवारी उपासनाही चालवत. जूनच्या शेवटी मिशनचं पत्र आलं. ज्या चर्चची हजेरी सलग तीन वर्षं चाळिसाच्या खाली आहे ती बंद करावीत, तिथल्या मंडळीसाठी पाळक वर्षातून चार वेळा येईल, इमारती भाड्यानं द्याव्यात. सव्वीस वर्षांच्या हजेरीचा तक्ता करून पाठवा, शेवटचा निर्णय साहेब स्वतः एका रविवारी येऊन करतील. वडिलांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून पवित्र शास्त्रात ठेवलं आणि मला म्हणाले, "सुवार्ता, तुझं अक्षर चांगलं आहे. आकड्यांची तुला सवय आहे." आपलं आयुष्य ज्यात गेलं ते दार बंद करण्याचा कागद वडील मला लिहायला सांगत होते, आणि त्यांच्या आवाजात फक्त माझ्या अक्षराचं कौतुक होतं. वडिलांचा हा गुण मला लहानपणापासून सहन होत नाही. वरून काहीही आलं की ते आधी ते नीट कसं पार पाडायचं याचा विचार करतात.

वह्या सव्वीस. पुठ्ठ्यांना वाळवीनं नक्षी केलेली, आत वडिलांचं बारीक, सरळ अक्षर. तारीख, उपदेशाचा विषय, आणि शेवटच्या रकान्यात 'जोड'. माणसं नव्हे, जोड. वडील चर्चमधली माणसं कधीच मोजत नसत. बायबलातल्या दावीद राजानं प्रजेची शिरगणती केली आणि देवानं देशात मरी पाठवली, सत्तर हजार माणसं मेली. ते वाचल्यापासून देवाच्या घरात डोकी मोजायची नाहीत असं त्यांनी ठरवलं होतं. मिशनला तर आकडा हवाच असे. म्हणून पहिलं गीत संपलं की वडील कानावरची पेन्सिल काढून दारात येत आणि बाहेर काढलेल्या वहाणांचे जोड मोजत. अनवाणी येणाऱ्यानं पायरीवर एक खडा ठेवायचा, खडा म्हणजे एक जोड. पोरं धरायची नाहीत. लहानपणी मला हे जगातलं सर्वांत हुशार काम वाटे. देवालाही राग नाही, मिशनलाही आकडा. मी त्यांच्याबरोबर उभी राहून जोड सरळ लावत असे. नव्या कातड्याचा, करंजीच्या तेलाचा, घामाचा आणि शेणामातीचा मिळून एक वास तिथं असे. आत कंदिलाचा आणि जुन्या तट्ट्यांचा वेगळा वास. माझ्यासाठी उपासना म्हणजे या दोन वासांमधला उंबरठा होता. प्रार्थनेतलं मला काही आठवत नाही, वहाणा आठवतात.

पुण्याहून आणलेला आलेखाचा कागद मी जमिनीवर पसरला आणि दर महिन्याची सरासरी काढून ठिपके मांडायला लागले. चार दिवस लागले. सुरुवातीला साठ, पासष्ट, सत्तर. मग पुढं उतरत उतरत शेवटी एकतीस. पिढ्या कशा गळत जातात ते कागदावर दिसत होतं, त्यात माझा आणि भावाचाही ठिपक्याएवढा वाटा होता, आणि खरं सांगायचं तर ती रेघ पाहून मला थोडं समाधानच वाटलं. आपण एकटे नाही, आपण एका नियमात बसतो, असं. पण एका जागी नियम मोडत होता. सप्टेंबर एकोणीसशे एकतीस. त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी एकाहत्तर, दुसऱ्या रविवारी अठ्ठेचाळीस. एका आठवड्यात तेवीस जोड नाहीसे, आणि पुढं पंधरा वर्षांत ते परत आलेच नाहीत. माणसं विटतात ती हळूहळू विटतात, पाण्याची वाफ होते तशी. ही वाफ नव्हती. हे भांडं कुणीतरी उपडं केलं होतं. मी वडिलांना विचारलं, त्या महिन्यात पटकी आली होती का? दुष्काळ? त्यांनी कागदाकडं पाहिलं आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. चष्मा स्वच्छ होता. "तसं काही नव्हतं," ते म्हणाले. "तेव्हा अक्कानं हट्ट केला."

अक्का म्हणजे वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, सारा. सगळे तिला साराक्का म्हणतात. ती कंपाउंडात कधीच राहायला आली नाही. दीड कोसावरच्या चिंचवाडीच्या महारवाड्यात तिचं घर, आणि दर रविवारी ती तिथल्या बायाबापड्यांना घेऊन चालत येते, गीत म्हणत. आली की मागं, दाराजवळ, ओसरीपर्यंत पसरून सगळ्या बसतात. आणि पायातल्या वहाणा काढत नाहीत. हे मला ठाऊक होतं. घरात जशी एखादी गोष्ट ठाऊक असते आणि बोलली जात नाही, तसं. कंपाउंडातल्या बायका नाकाला पदर लावत, शिकल्यासवरल्यांत आपली शोभा होते म्हणत. मी पुढच्या तट्ट्यावर बसणारी, मागं वळून पाहायचं नाही असं शिकवलेली. पंधरा वर्षं ती माणसं माझ्या पाठीमागं होती, आणि मी भोक पडलेल्या मापानं पाणी मोजत बसले होते. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात की मोजपट्टीचं शून्य जागेवर आहे का ते आधी पाहा. मी पाहिलं नव्हतं, कारण मोजपट्टी वडिलांची होती.

मी दुसऱ्याच दिवशी चिंचवाडीला गेले. साराक्का दारात बसून वहाणांना तेल लावत होती. सत्तरीची बाई, हाडं मोजता येतील अशी, कपाळाच्या उजव्या बाजूला भुवईच्या वर एक जुना व्रण. तो व्रण मी नेहमी पाहिला होता आणि तो तिचा चेहराच आहे असं समजत होते. "बस," ती म्हणाली. "पुण्याचं पानी लागलंय तुला. लई वाळलीस." मी सरळच विचारलं, एकतीस साली काय झालं? ती तेल लावत राहिली. "गावात पाटलाच्या चावडीवरनं जायचं तर पायताण हातात घ्यायचं. माज्या आईनं घेतलं, तिच्या आईनं घेतलं. बरं, वेस वलांडली की पायात. दीड कोस चालायचं, आन् चर्चच्या दारात पुन्यांदा काढायचं. एक दिस चालता चालता माज्या मनात आलं, सुवा, गावात हातात, देवाच्या दारात भाएर, मग पायात कवा घालायचं? नुस्तं काट्यातच?" ती हे हसत बोलली. "त्या ऐतवारी म्या चावडीपुढं घातलं. माज्या मागं समद्यांनी घातलं. पाटलाच्या गड्यानं धोंडा मारला. हितं." तिनं व्रणाला तेलकट बोट लावलं. "आमी थांबलो न्हाय. तसंच गीत म्हणत आलो. दारात तुजा बाप उभा. म्हनला, अक्का, पायातली काढ. म्या म्हनलं, न्हाय. म्हनला, देवाचं घर हाय. म्या म्हनलं, साहेब बूट घालून बसतो की खुर्चीवर. त्याच्या बुटाला देव काय म्हनत न्हाय, माज्या पायताणाला म्हनंल व्हय?"

मला तेव्हा आठवलं. मी सात वर्षांची होते, जोड सरळ लावत पायरीवर उकिडवी बसले होते. माझ्यासमोरून वहाणा घातलेले पाय गेले, एकामागून एक, धुळीनं पांढरे, न थांबता. मी हात पुढं केला होता, जोड घ्यायला, आणि कुणी दिला नाही. पायरीवर तांबडे थेंब पडले. कुणीतरी कोंबडी आणली असेल असं मला वाटलं होतं, सणाला कोंबड्या आणत तशी. दुपारी मी ते थेंब राखेनं घासून काढले, वडिलांनी सांगितलं म्हणून. आणि त्याच दुपारी वडिलांनी वहीत लिहिलं: जोड अठ्ठेचाळीस. माझ्या आलेखातली सर्वांत खोल दरी म्हणजे तो दिवस होता. ज्या सकाळी ही माणसं सर्वांत ताठ चालत चर्चला आली, ती सकाळ कागदावर चर्च ओस पडल्याची सकाळ झाली होती. चिंचवाडीहून मी भर उन्हात परत निघाले. श्रद्धा कमी होते की वाढते, हा प्रश्न मला कधीच नीट मांडता आला नव्हता. आता वाटलं, तो मुळात प्रश्नच चुकीचा होता. ती माणसं देवाकडं जात होती की चावडीवरून जात होती, हे वेगळं करायला माझ्याकडं कुठलंही उपकरण नव्हतं, आणि ते वेगळं करण्याची कुणाला गरजही नसावी. आम्हाला मात्र कंपाउंडात घरं मिळाली, अठ्ठावीस पावलांत चावडी लागत नाही. आम्हाला जाण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

घरी आल्यापासून वडिलांच्या शब्दाखातर दर रविवारी मी पुढच्या तट्ट्यावर बसत होते. पुढच्या रविवारी पहिल्या गीताच्या वेळी मी मागं वळून डोकी मोजली. पुढं तीस, मागं सव्वीस. मरी आली नाही. नाती आल्या होत्या, सुना आल्या होत्या. एकतीस साली तेवीस होत्या, त्यातल्या निम्म्याअधिक मेल्या असतील, तरी सव्वीस. मागची रेघ उतरत नव्हती. आकडा छप्पन होता, चाळिसाच्या कितीतरी वर. उपासना संपल्यावर मी धावत साराक्काकडं गेले आणि म्हटलं, आत्या, चर्च वाचतं, मला फक्त तुम्हा सगळ्यांची नावं लिहून घेऊ दे. मला वाटलं ती मला जवळ घेईल. तिच्या शेजारची सून मागं सरकली. साराक्का म्हणाली, "न्हाय."

"का नाही?"

"आमाला मोजून घ्यायचे चावडीवर. तशीलदाराचा तंबू यायचा, सामान उचलाया किती डोसकी, लिव्ह. लाकडं फोडाया किती, लिव्ह. ज्याचं नाव कागदावर, त्यो वेठीला. आता तू लिव्हनार, मंग त्यो कागद कुनाच्या हातात जानार, तुला ठावं हाय?"

"पण आत्या, हे मिशनचं आहे. नाही लिहिलं तर इथं ज्वारीची पोती येतील. माणिकप्पा मोजून गेला."

"येऊंद्यात. आमी ओसरीवर बसू."

"ओसरी पण त्याची होईल."

"मंग रस्त्यात बसू," साराक्का म्हणाली. "तुला काय वाटतं, आमी हितं भिताडासाठी येतो? पर एक सांगते, भिताड बी सोडनार न्हाय. साहेब येनार हाय न्हवं? डोळं हायत न्हवं त्याला? बघू दे म्हणावं." मग माझ्या तोंडाकडं पाहून ती जरा मऊ झाली. "तू येतीस का सवता? का नुस्ती मोजाया येतीस?"

त्या आठवड्यात मी तक्ता पाच वेळा लिहिला आणि पाच वेळा फाडला. एकतीस लिहावं तर खोटं, छप्पन लिहावं तर ज्यांनी नाही म्हटलं त्यांना त्यांच्या पाठीमागं मोजल्यासारखं. मोजलं होतंच मी, वळून, चोरून. तेही मला टोचत होतं. वडिलांना मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना, पंधरा वर्षं? ते वही शिवत होते. "नियम जोड मोजण्याचा होता," ते म्हणाले. मग सुई थांबवून, "मी तिला आत तर येऊ दिलं." हे वाक्य त्यांनी पंधरा वर्षं कुणासाठी तरी तयार ठेवलं असावं. मला त्यांची दया आली नाही. त्यांनीही लहानपणी त्याच चावडीवरून वहाणा हातात घेऊन नेल्या होत्या, आणि मोठेपणी दुसऱ्यांच्या मोजण्याची नोकरी पत्करली होती. मीही तेच करायला निघाले होते, फक्त आलेखाच्या कागदावर. शेवटी मी सव्वीस वर्षांचे आकडे जसेच्या तसे उतरवले, या वर्षाचा रकाना कोरा ठेवला आणि शेऱ्यात लिहिलं: 'वरील आकडे माणसांचे नसून दाराबाहेर काढलेल्या वहाणांचे आहेत. पायातली न काढता आत बसणाऱ्यांची नोंद घेण्याची पद्धत येथे नाही. ते मोजून घेण्यास तयार नाहीत. साहेबांनी स्वतः पाहावे.' वडिलांनी ते वाचलं. सही केली नाही. मी माझी केली.

साहेब सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी आले. मोटार वेशीपाशी चिखलात रुतली म्हणून कंपाउंडापर्यंत चालत आले, तेव्हा बूट घोट्यापर्यंत माखलेले होते. पायरीच्या कडेवर त्यांनी ते खरवडले आणि तसेच आत जाऊन पुढच्या खुर्चीवर बसले. त्या वेळी मी कंपाउंडात नव्हते, हे मला मागाहून कळलं. मी पहाटेच मागच्या फाटकातून निघून चिंचवाडीला पोचले होते. साराक्कानं मला पाहून आधी माझ्या पायांकडं पाहिलं. पुण्याच्या दुकानातल्या पट्ट्यांच्या चपला होत्या. आम्ही निघालो. चावडीवर चारपाच माणसं बसली होती. पाटील म्हातारा झाला होता, त्याचा मुलगा विडी ओढत होता. आता कुणी धोंडा मारत नव्हतं. नुसतं पाहत होते, आणि त्या पाहण्यात माझी पावलं आपोआप लहान झाली, चपलेचा पट्टा बोटांत रुतला. पदवी, आलेख, शून्य उत्तर, काहीच त्या वीस पावलांत उपयोगी पडलं नाही. माझं शरीर कुणीही न शिकवता वाकायला निघालं होतं. मागून साराक्कानं गीत धरलं. मला शब्द येत नव्हते, विसरले होते. मी टाच जोरात टेकली. पुन्हा टेकली. चावडी मागं पडली.

चर्चच्या दारात वडील पेन्सिल घेऊन उभे होते. बायका नेहमीप्रमाणे न थांबता आत गेल्या. मी शेवटची होते. पायरीवर माझं पाऊल थांबलं, बावीस वर्षांच्या सवयीनं अंगठा पट्ट्यातून निघू पाहत होता. वडील म्हणाले, "सुवार्ता," एवढंच. मी म्हटलं, "न्हाय, आप्पा." आणि आत जाऊन साराक्काच्या शेजारी, ओसरीच्या कडेला बसले. देव होता की नव्हता हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं, आजही येणार नाही. पण मी गेले होते. कुणी पाठवलं म्हणून नाही, घर जवळ होतं म्हणून नाही. पहिलं गीत संपलं. वडील दारात वाकून जोड मोजत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मग ते वही घेऊन मधल्या वाटेनं पुढं गेले. साहेबांनी हात पुढं केला. वहीत एकोणतीस होते. मागच्या रविवारपेक्षा एक जोड कमी, तो माझा. साहेबांनी वही वाचली, मग खिशातून माझा तक्ता काढून शेरा वाचला, आणि खुर्चीतल्या खुर्चीत वळून, चष्म्यावरून, दारापर्यंत आणि दाराबाहेर पसरलेल्या माणसांकडं पाहिलं. पुन्हा वहीकडं पाहिलं. पुन्हा आमच्याकडं. मग त्यांची नजर खाली आमच्या पायांवर आली, आणि तिथून हळूच, स्वतःच्या बुटांवर. साराक्कानं पाय आणखी थोडे पुढं पसरले. मीही पसरले.